तू न बघता उघडलेला खण

कोतो, टोकियो, शाळेची स्टाफरूम
७ मार्च २०१६

प्रिय शैलेंद्र,

एका छताखाली राहून नवऱ्याला पत्र लिहिणारी बायको मला आजवर नाटकी वाटायची. पण काय करू? बोलायला बसलं की तू जिंकतोस. तुझा आवाज चढत नाही, तू चिडत नाहीस, उलट चष्मा काढून पुसतोस, 'हे बघ अश्लेषा' म्हणतोस, आणि थोड्या वेळात मीच कशी चुकले हे मला पटलेलं असतं. ते 'हे बघ' ऐकायची आज माझी तयारी नाही. म्हणून सहावीचा विज्ञानाचा तास संपवून इथे स्टाफरूमच्या खिडकीशी लिहायला बसलेय. आज महाशिवरात्र म्हणून तुझ्या डब्यात साबुदाण्याची खिचडी दिलीय. दाण्याचं कूट जरा कमी वाटेल, घरातले दाणे संपले होते.

गेले दोन आठवडे तू घरात शिरलास की विचारतोस, ओळख लिहून झाली का. येत्या रविवारी आपल्या मंडळाचा कार्यक्रम आहे, भूकंपाला पाच वर्षं झाली म्हणून. आधी गेलेल्यांसाठी शांतता, मग त्या दिवसांत टोकियोतून न हललेल्या आपल्या माणसांचा सत्कार, आणि त्यांत तुझं नाव. तुझी ओळख मी करून द्यायची, कारण मंडळाच्या जयप्रकाशकाकांच्या मते बायको बोलली की सगळं सभागृह हेलावतं. वा! तू मला मुद्देसुद्धा सुचवलेस: रिकामी दुकानं, अणुभट्टीच्या किरणोत्सारामुळे नळाच्या पाण्याची भीती, चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शेजारणीला नेऊन दिलेल्या बाटल्या. नोव्हेंबरपासून मी गप्प गप्प आहे हे तुझ्या लक्षात आलंय. त्याला तू आधी थंडी म्हणालास, मग शाळेचं ओझं, आणि परवा माझं वयही काढलंस. तर रविवारी मी उभी राहणार का, आणि राहिले तर काय बोलणार, हे तुला आज सांगायचंय. पण त्याआधी सोलची ती संध्याकाळ सांगू दे. तू बरोबर होतास, तरी सांगते. तू माझ्या शेजारून चालत होतास, पण मी काय बघितलं ते तुला ठाऊक नाही.

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून नोव्हेंबरात निघालो होतो आपण. सिंधूला माझ्या मैत्रिणीकडे, पद्मिनीकडे ठेवलं, तिच्या पोरीशी खेळायला मिळणार म्हणून ती आपल्याला टाटा करायलाही खाली आली नाही. तू म्हणाला होतास की कोरिया दोघांनाही नवा आहे, मिळून चुकत चुकत बघू. ते वाक्य मला इतकं आवडलं होतं! आपण शेवटचं मिळून कधी चुकलो होतो, आठवतंय तुला? मी तर विमानात बसून वेणी घातलेल्या कॉलेजातल्या मुलीसारखी खिडकीला नाक लावून बसले होते.

होंगदेच्या स्टेशनात उतरलो तेव्हा अंधार नुकता पडत होता. जमिनीखालचं ते भलंमोठं स्टेशन, सगळीकडे कोरियन अक्षरं, आणि आपल्या फोनमधला नकाशा तिथे चालत रस्ता दाखवायला तयार नव्हता. मी पाट्या वाचत उभी राहिले. तू मात्र बॅग खांद्यावर टाकून सरळ नऊ नंबरच्या दारापाशी निघालास. मी मागून धावत आले. मनात म्हटलं, काय हुशार आहे माझा नवरा, गर्दी कुठे जातेय ते बघून ओळखलं यानं.

आणि वर आल्यावर तर मी सगळं विसरलेच. टोकियोत इतकी वर्षं राहून माझा आवाज किती खाली गेलाय हे मला त्या रस्त्यावर कळलं. इथे गाडीत फोन वाजला तरी आपण चोरासारखे दचकतो, आणि तिथे सगळा रस्ता ओरडत होता. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांतल्या मुली माइकवर बोलत होत्या, हाताला धरून आत ओढत होत्या. मोज्यांचे ढीग, कानातल्यांचे ढीग, बटाट्याची सळईला गुंडाळलेली तळलेली चकती. ती गूळ-दालचिनी भरलेली गरम पोळी आठवते? मी तिला पुरणपोळीची आतेबहीण म्हटलं होतं आणि जीभ भाजून घेतली होती. प्रत्येक वळणावर कोणीतरी गात होतं. थंडीने नाक लाल झालेली एक मुलगी गिटार घेऊन इतकं मन लावून गात होती, की समोर चारच माणसं आहेत याचं तिला काही नव्हतं. पुढे नाचणाऱ्या मुलांचं रिंगण होतं. तू मला गर्दीतून वाट काढून पुढे नेलंस, माझी पर्स स्वतःच्या गळ्यात अडकवलीस, आणि मी टाळ्या वाजवल्या. शिट्टीसुद्धा मारली, फर्ग्युसनमध्ये मारायचे तशी. तू खो खो हसलास. तो तास खोटा होता असं मी म्हणणार नाही. मी त्या तासात खरंच आनंदात होते आणि तोच मला जास्त टोचतो.

मग भुकेचा प्रश्न आला. आपल्यासारख्यांचे सगळीकडे हेच हाल. भाजीतही मासा, लोणच्यातही मासा, आणि नुसता भात मागितला तर वर अंडं फोडून देतात. मी म्हटलं, पिशवीत ठेपले आहेत, हॉटेलवर जाऊन खाऊ. तू म्हणालास, छे, आज तुला गरम जेवायला घालणार. आणि मुख्य रस्ता सोडून दुसऱ्या गल्लीत वळलास. केशकर्तनालय, त्याच्या शेजारी अरुंद जिना, वर एक छोटीशी खानावळ. बाहेर चित्र नाही, इंग्रजी पाटी नाही. मी विचारलं, हीच का? तू म्हणालास, बरी दिसतेय. खालून काय दिसत होतं रे तुला?

आपण बसलो. मी टेबलावर चमचे शोधत होते, शेजारच्या टेबलाकडे बघत होते, कोणाला हाक मारावी असं चाललं होतं माझं. तू माझ्याशी त्या शिट्टीबद्दल बोलत होतास, आणि बोलता बोलता, खाली न बघता, तुझा हात टेबलाच्या कडेखाली गेला, तिथला खण ओढलास आणि त्यातून लांब दांड्याचे दोन चमचे काढून माझ्यापुढे ठेवलेस. टेबलाला खण असतो हेच मला माहीत नव्हतं. बाहेरून तो दिसतही नव्हता. मग तू टेबलाच्या कोपऱ्यातली घंटी दाबलीस, तीही न बघता. आपल्या स्वयंपाकघरात मीठ कुठल्या डब्यात आहे हे तुला दहा वर्षांत सापडलेलं नाही, शैलेंद्र. हात न बघता कुठे जातो, तर जिथे तो रोज जात असतो तिथे.

तुला कसं कळलं, असं मी विचारलं. तू म्हणालास, असंच, हाताला लागला. खरं सांगू? पहिल्यांदा माझ्या मनात आलं, तुझी कोणीतरी बाई आहे. म्हटलं, ओसाकाच्या त्या सगळ्या कामाच्या फेऱ्या ओसाकाच्या नव्हत्याच. दोन मिनिटांत मी त्या बाईचं वय, केस, सगळं ठरवून टाकलं होतं. आणि खरोखरच एक बाई आली. साठीची, कुरळे केस केलेली, ॲप्रनला हात पुसत. तुला बघून थबकली, आणि मग तुझ्या पाठीत अशी जोरात थाप मारली की तुझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. बोटांवर मोजून म्हणायला लागली, मांस नाही, अंडं नाही, मासा नाही. मोडक्यातोडक्या जपानीत. तू हसलास, मान हलवलीस, ते हसू मी ओळखते, इन्कमटॅक्सचं पत्र आलं की तू तसाच हसतोस.

तुझं जपानी ऑफिसपुरतं. माझं तेव्हाच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीत घासून पक्कं झालेलं. त्यामुळे ती बाई माझ्याशी बोलायला लागली, आणि तुला मध्ये पडता येईना. ती म्हणाली, भूकंप झाला त्या वसंतात ही इंडियाची मुलं कंपनीने इथे आणून ठेवली होती, पलीकडच्या इमारतीत. रोज संध्याकाळी यायची. यांच्यासाठी मी मुळ्याची वेगळी किमची, आमचं लोणचं, घालायचे, माशाचा रस न टाकता. घर सोडून आलेली पोरं म्हणून जास्त भात वाढायचे. मग तिने कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट केलं. तुझी जागा. आणि म्हणाली,

"हा तिथे बसून रोज बायकोला फोन करायचा. ती फार घाबरलीय म्हणायचा. म्हणून मी तेवढा वेळ टीव्ही बंद करायचे."

मग तिने माझ्याकडे नीट बघितलं, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, ती तूच ना. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? ती गेली आणि तू चष्मा पुसत म्हणालास, यांना आपले चेहरे सगळे सारखेच दिसतात, कोणाशी तरी घोटाळा करतेय. भात आला, मांस नाही, अंडं नाही, मासा नाही, वर काकडी, गाजर, पालक, कोंब, आणि बाजूला वाटीत मुळ्याची ती किमची. न मागता आली. मी सगळं संपवलं, शीतही ठेवलं नाही. जिने टीव्ही बंद केला होता तिचं अन्न टाकवेना.

नंतर तू मला गाण्याच्या खोल्यांमध्ये घेऊन गेलास. तासावर भाड्याने मिळणारी ती लहानशी खोली, भिंतीवर फिरणारे रंगीत दिवे. तू इंग्रजी गाणी गायलास आणि माझ्या हातात खंजिरी दिलीस. मी ती वाजवली. विचार कर, शैलेंद्र. नवरा गातोय आणि बायको ठेका धरून मनातल्या मनात पाच वर्षांपूर्वीची एकेक संध्याकाळ उलगडून बघतेय. तुला काहीही कळलं नाही, तू 'वन्स मोअर' म्हणालास.

आता २०११ ची गोष्ट. तुला माहीत आहे ती नाही, माझ्या बाजूची. भूकंपानंतर सहाव्या दिवशी तू आम्हाला नारिता विमानतळावर सोडायला आलास. सिंधू अडीच वर्षांची, तिला ताप होता. मी जायला तयार नव्हते. मी म्हटलं होतं, जायचं तर तिघं, राहायचं तर तिघं. तू म्हणालास, गिऱ्हाइकाची सगळी सिस्टिम माझ्या टीमवर आहे, मी हललो तर कंपनीचं नाक कापलं जाईल, आणि पोरीच्या जिवाशी खेळायचा तुला हक्क नाही. मी प्रयोगशाळेत जाऊन सांगूही शकले नाही. आमच्या प्रमुखांना, इशिदा सेन्सेईंना, विमानतळावरून चार ओळींची मेल टाकली. माझी भाताची रोपं, मुळांचे दोन वर्षांचे नमुने, सगळं तसंच सोडून. वीज जायची त्या दिवसांत. बाकीचे सगळे पाळीपाळीने सुका बर्फ आणून फ्रीजर सांभाळत होते, त्यांत माझे नमुनेही होते. हे मला नंतर कळलं.

पुण्यात तुझ्या आईबाबांकडे साडेचारच्या चहाला तुझा फोन यायचा. आई चहा गाळता गाळता सोडून यायच्या, बाबा रेडिओ बंद करायचे. तू म्हणायचास, आत्ताच एक हादरा बसला, कप सरकला. म्हणायचास, दुकानात पाव नाही, दूध नाही. कॅमेरा लाव म्हटलं तर म्हणायचास, वीज वाचवायची आहे, सगळं शहर अंधारात बसलंय. तुला ठाऊक आहे मी काय करायचे? मी आमच्या खोलीतला पंखा बंद करायचे. एप्रिलात, पुण्यात. तू तिथे अंधारात आणि मी इथे वारा खातेय, हे मला सोसवायचं नाही. पोरीच्या अंगाला घामोळं आलं तेव्हा आई माझ्यावर रागावल्या, आणि बरोबरच होतं त्यांचं. तुझ्या डोक्यावर दिवा होता, पुढ्यात गरम भात होता, आणि तुझ्यासाठी कोणीतरी टीव्ही बंद केलेला होता. घड्याळही तुझ्या सोयीचं, टोकियोत आणि सोलमध्ये एकच वेळ. काय सुरेख जमून आलं होतं रे सगळं!

बाबा सकाळच्या फिरण्यात सगळ्यांना सांगायचे, आमचा शैलू जागचा हलला नाही. आईंनी तुझ्यासाठी सोळा सोमवार धरले. आणि मी? मी पळून आलेली. तोंडावर कोणी म्हणालं नाही, पण 'त्याच्या जेवणाचं कोण बघत असेल' हे वाक्य माझ्या पानात रोज पडायचं. मी खाली मान घालून जेवायचे. मलाही तसंच वाटत होतं ना.

आता सगळ्यात वाईट सांगते. मार्चच्या शेवटी इशिदा सेन्सेईंची मेल आली. माझ्या करारावर नव्या वर्षाची सही व्हायची होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येऊ शकलीस तर जागा ठेवतो, असं त्यांनी लिहिलं होतं. त्या माणसाने माझ्यासाठी एवढं केलं. मी तिकीट बघायला लागले. सिंधूला आईंकडे ठेवून एकटी येते म्हटलं. तू म्हणालास, अजिबात नाही. म्हणालास, इथे काय चाललंय ते मी डोळ्यांनी बघतोय, तू नाही बघत. नळाच्या पाण्यात विष उतरलंय, आणि तुला रोपांची पडलीय? मी रडले, भांडले, आणि गप्प बसले. मला वाटलं, जो आगीत उभा आहे त्याचं ऐकायला हवं. आज कळतंय, मी आले असते तर आपल्या टोकियोतल्या हिगाशी-कसाईच्या घराला कुलूप दिसलं असतं. ते दिसू नये म्हणून तू माझी जागा घालवलीस. ऑगस्टमध्ये परत आल्यावर मी सेन्सेईंना भेटायला गेले, ते खूप नम्रपणे म्हणाले, आता आधी मुलीकडे लक्ष द्या. जपानात इतकी वर्षं काढल्यावर त्या वाक्याचा अर्थ मला कोणी सांगायला नको होता. घरी परतताना मी गाडीत उभी राहून तीन स्टेशनं पुढे निघून गेले होते.

आणि तिथे तू थांबला असतास तरी मी तुला कधीतरी माफ केलं असतं. दोन हजार तेरामध्ये त्सुकुबाच्या संशोधन संस्थेत जागा निघाली होती. मी अर्ज भरायला बसले, तर तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, विचार कर, ही माणसं विसरत नाहीत, संकटात सोडून गेलेल्याला परत घेत नाहीत. किती मायेने म्हणालास! मी अर्ज मिटवून ठेवला. मला खाली बघायला लावणारी ती एकच गोष्ट तुझ्याकडे होती, आणि ती तू जपून वापरलीस, भांडणात, बचतीच्या प्रश्नात, आईंना इकडे आणायच्या वेळी. 'मी तेव्हा इथे थांबलो होतो.' यापुढे माझं तोंडच बंद व्हायचं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच ना? मला तर कापलेला कळलाही नाही, वर मी तुझे आभार मानत राहिले.

तू म्हणशील, एका खानावळवालीच्या बोलण्यावर एवढं? नाही. मी शास्त्राची विद्यार्थिनी आहे, एका निरीक्षणावर निष्कर्ष काढत नाही. जानेवारीत पद्मिनीकडे हळदीकुंकू होतं. तुमच्या टीमचे तेव्हाचे प्रमुख विश्वनाथ, त्यांची बायको चित्रा योकोहामाहून आली होती. मी काही विचारलंसुद्धा नाही. वाण घेता घेता तीच सहज म्हणाली, तू त्या वेळी सोलला आली नाहीस, आम्हाला फार वाईट वाटलं. कंपनीने कुटुंबांसाठीही खोल्या ठेवल्या होत्या, ती स्वतः मुलाला घेऊन महिनाभर तिथेच होती. शैलेंद्र म्हणाला, अश्लेषाला पुण्यालाच जायचंय. तिच्या हातातून मी तिळगूळ घेतला आणि गोड बोलले. विश्वनाथकडच्या कोणालाच काही लपवायचं नव्हतं, कारण लपवण्यासारखं काही नव्हतंच. कंपनीने हलवलं, तुम्ही हललात. लपवलं ते तू एकट्याने, आणि एकट्या माझ्यापासून.

मला एवढंच कळत नाही, का? तू घाबरला असतास तर मी एक शब्द बोलले नसते. सगळेच घाबरले होते, मीसुद्धा. सोलला चाललोय, तुम्ही दोघी चला, इतकं म्हणाला असतास तर आपण तिघं त्या बाईच्या टेबलाशी बसून जेवलो असतो, आणि एप्रिलात मी दोन तासांच्या विमानाने परत येऊन सही केली असती. बहुतेक तू आधीच पुण्याला सांगून बसला होतास की मी थांबतोय, आणि बाबांच्या आवाजातला तो अभिमान ऐकून तुला तो सोडवेना. हा माझा अंदाज. चूक असेल तर सांग. पण चष्मा न पुसता सांग.

तर रविवारचं. मी तुझी ओळख करून देणार नाही. स्टेजवर चढून तुझे धिंडवडेही काढणार नाही, घाबरू नकोस. जयप्रकाशकाकांना काय सांगायचं, शाल घ्यायची की नाही, आईबाबांना कधी सांगायचं, ते सगळं तुझं तू बघ. यासाठी पत्र लिहिलंच नसतं मी. नोव्हेंबरपासून गिळून बसले होते, अजून चार वर्षंही बसले असते, त्याची मला सवय आहे. पत्र लिहायला बसले ते काल संध्याकाळमुळे. मंडळाने मुलांनाही त्या दिवसांवर दोन-दोन वाक्यं बोलायला सांगितलंय ना, तर सिंधू अंघोळीच्या टबात बसून तिचं पाठ करत होती. तिच्या जपानीत. पापा वा नोकोत्ता, मामा वा निगेता. पापा थांबले, मामा, म्हणजे आई, पळाली. मी दारात उभी, हातात टॉवेल. तिने मला बघितलं आणि तिला वाटलं मी रडतेय. तशी ओल्या हाताने तिने माझा गाल थोपटला आणि मराठीत म्हणाली, "असू दे मामा. सगळ्यांना भीती वाटते. मी तुला माफ केलंय." सात वर्षांची पोर, शैलेंद्र! हे तिला मी शिकवलेलं नाही. रविवारच्या आत तिला समोर बसवून, तुझ्या तोंडाने, खरं काय ते सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मग तिला काय वाटेल ते माझ्या हातात नाही. मला तुझ्याकडून माफी नको. तिने मला केलेली माफी तेवढी तिला परत घ्यायला लाव.

'तुझीच' लिहायला आज हात उचलत नाही, नुसतीच,
अश्लेषा